बोधचौर्याचा दुसरा गुन्हा

"पुकळेबाई, तुम्ही काहीच शिकत नाही आहात," डॉ. नाफडे म्हणाले.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि माझ्या हातात माझाच निकाल होता. विकृतिशास्त्रात शंभरपैकी एक्क्याण्णव, औषधशास्त्रात अठ्ठ्याऐंशी, शल्यचिकित्सेच्या प्रात्यक्षिकात वर्गात पहिली.

"मग सर, हे एक्क्याण्णव काय आभाळातनं पडले?"

"गुणांना आता कोण विचारतंय?" त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही तुमची सहा महिन्यांची रेघ. बघा कशी आहे."

रेघ सपाट होती. आमच्या म्हसवडच्या माळालासुद्धा याहून जास्त चढउतार असतील.

"मागचं सत्र तुम्ही निरीक्षणाखाली काढलंत," ते म्हणाले. आवाज गोड होता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. "याही सत्रात बोधांक चाळीसच्या खाली राहिला, तर परिनियम चौदाप्रमाणे तुमचं नाव कमी होईल. शिवाय बोधचौर्याचा एक गुन्हा तुमच्या नावावर आहेच. दुसरा झाला, तर सत्र संपायचीही वाट बघता येणार नाही. चार महिने राहिलेत, जरा सांभाळा."

सांभाळा म्हणे! अकरा वर्षं मी सरकारी पशुधन पर्यवेक्षक होते. माण तालुक्यातल्या वस्त्यांवर फटफटीवरून फिरले, लसी टोचल्या, अडलेल्या मेंढ्या सोडवल्या. आमच्या धनगरवस्त्यांना डॉक्टर कधी मिळाला नाही. आला तरी बदली करून घेऊन तीन महिन्यांत पळायचा. म्हणून चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडली, पदविकेवरून पदवीला चढवणारा पुलाचा अभ्यासक्रम, म्हणजे ब्रिज कोर्स, करून माणदेश पशुविज्ञान विद्यापीठाच्या पदवीला शिरले. पदवी हातात पडली की आमच्या भागात माझा स्वतःचा दवाखाना. मागे सरकायला आता जागा नव्हती. आणि हा बाबा मला सांगत होता की बाई, तू काही शिकत नाहीस.

थोडं यंत्राबद्दल सांगते, म्हणजे माझी चिडचिड कळेल.

आपला मेंदू नुसता बघत बसत नाही, तो सारखा अंदाज बांधत असतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि पायरी नसली, की पोटात धस्स होतं ना? तो अंदाज चुकल्याचा धक्का. असा अंदाज चुकला की पाव ते अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते, आणि मेंदू आपला अंदाज दुरुस्त करायला लागतो. या दुरुस्तीलाच शिकणं म्हणतात. जिथे लहर नाही तिथे धक्का नाही, आणि धक्का नाही तिथे शिकणं नाही. इथपर्यंतचं शास्त्र खरं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

बोधमापक म्हणजे ती लहर पकडणारी, कपाळाला बांधायची पट्टी. छतावरून पाल पडली म्हणून दचकलात तर ती लहर धरत नाहीत. शिकवणाऱ्याच्या त्या त्या वाक्याशी, नाहीतर समोर चाललेल्या उपचाराशी जुळणारीच लहर मोजतात. दिवसभराची बेरीज म्हणजे बोधांक. हे सगळं आलं कशामुळे, तर चष्म्यातली यंत्रं परीक्षेत उत्तरं पुरवायला लागली तेव्हा गुणांवरचा लोकांचा विश्वास उडाला. मग कुणीतरी म्हणालं की पोरांच्या उत्तरपत्रिकेत बघू नका, थेट डोक्यात बघा. साध्या पदवीवाल्यांना सोडलं. पदव्युत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे डॉक्टर, वकील, पशुवैद्य अशांना मात्र शैक्षणिक स्थितीचे नवे नियम लागले. समाधानकारक, निरीक्षणाखाली, निलंबित, नाव कमी. या चार पायऱ्या, आणि चारही खाली उतरणाऱ्या.

शिकवणाऱ्याच्या कपाळावरही एक पट्टी असते, तुलनेसाठी. त्याला विषय आधीच येतो, म्हणून त्याची रेघ सपाट यायला हवी आणि तशी ती येते. म्हणजे बघा, नाफडे सरांची सपाट रेघ ही विद्वत्ता आणि माझी सपाट रेघ हा मठ्ठपणा!

यंत्र खोटं बोलत नव्हतं, हेही कबूल करते. वर्गात सांगतात त्यातलं पुष्कळसं माझ्या हाताखालून गेलेलं असायचं. 'अरे, आपण इतकी वर्षं करत होतो त्याचं कारण हे होय!' असा आनंद मला व्हायचा तो पुस्तक वाचताना, आदल्या दिवशी, पट्टी काढून खुंटीला लावलेली असताना. कळतं पण वळत नाही असं लोकांचं ऐकलं होतं. इथे आधी कळलेलंच चालत नव्हतं.

पोरं हुशार. त्यांनी महिन्याभरात यंत्राचा स्वभाव ओळखला. धडा पहिल्यांदा वर्गातच कानावर पडला पाहिजे, तरच लहर उठते. मग आधी वाचायचंच कशाला? वसतिगृहात याला 'कोरं राहणं' म्हणायचे. ग्रंथालयात कुत्रं फिरकेना. पुढच्या वर्गातल्या पोरी मागच्या पोरींना वह्या द्यायच्या, ती जुनी पद्धत बंद पडली. जेवणाच्या टेबलावर कुणी चुकून फऱ्या रोगाचं नाव काढलं, तर शेजारची कानात बोटं घालून ओरडायची, "ए बाई, गप, आमचं व्हायचंय अजून!"

माझी खोलीतली सोबतीण ओवी कुलथे. नेवाशाच्या सोनाराची लेक, बावीस वर्षांची, आणि जनावराला हात लावायच्या आधी त्याची परवानगी मागितल्यासारखी त्याच्या डोळ्यांत बघणारी. पहिल्या सत्रात एकदा चहा पिताना मी तिला सहज म्हणाले होते, "मेंढी अडली आणि पिल्लाची मान मागे वळलेली असली, तर ओढायचं नाही गं. आधी पिल्लू आत ढकलायचं, मान सरळ करायची, मग ओढायचं." तीन दिवसांनी प्रात्यक्षिकात नेमकी तशीच मेंढी आली. ओवीनं पिल्लू असं सोडवलं की सरांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू जगलं, मेंढी जगली. फक्त ओवीची रेघ सपाट आली.

चौकशी झाली. तुला हे आधी कुणी सांगितलं? पोर खोटं बोलणारी नव्हती. परिनियमात याला नाव होतं, बोधचौर्य. दुसऱ्याच्या शिकण्याचा क्षण चोरणे! माझ्या नावावर पहिला गुन्हा लागला, आणि ओवी एक सत्र निरीक्षणाखाली गेली. तिच्या घरी पत्र गेलं, वडील नेवाशाहून धावत आले. वडिलांना पोचवून परत आल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "म्हाळसाताई, तुझ्या पाया पडते, इथून पुढे मला काही सांगू नकोस."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण मला ते बाधलं. आमच्यात मेंढरं घेऊन माणसं आठ-आठ महिने फिरतात. दोन बिऱ्हाडं रस्त्यात भेटली, की पुढून येणाऱ्यानं मागच्याला वाट सांगायची असते. पाणी कुठे आहे, नदीला उतार कुठे आहे, मेंढरांना विषारी घाणेरीची झुडपं कुठल्या माळावर माजलीत, कुठल्या गावची कुत्री वाईट. भांडण असलं तरी सांगायचं. न सांगता पुढे गेलेल्याला आमच्यात 'मुकं बिऱ्हाड' म्हणतात, आणि मुक्या बिऱ्हाडात कुणी पोरगी देत नाही. माझा बा एकदा सख्ख्या दुष्मनाला उतार सांगायला अर्धा कोस मागे चालत गेला होता. मी त्याची लेक, आणि एका खोलीत राहून तोंडाला कुलूप लावून बसले होते.

त्या मंगळवारी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर आमची दोघींची पाळी होती. बरोबर डॉ. जमादार. माणूस पन्नाशीचा, बोलायला तिखट, हाताला सोनं. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही काटकरवस्तीवर पोचलो. सगुणाबाई काटकरांची गाय, मैना, आदल्या दिवशी व्यायली होती आणि सकाळपासून बसली ती उठतच नव्हती. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. दुग्धज्वर. व्यायल्यावर सगळा कॅल्शियम दुधात उतरतो आणि अंगातला कमी पडतो, त्यानं गाय बसते. यावर उपाय इतका सोपा की लोकांना चमत्कार वाटतो. मानेच्या शिरेतून कॅल्शियम द्या, अर्ध्या-पाऊण तासात गाय उठून वैरण मागते.

जमादार सरांनी बघितलं, सुई शिरेत घातली, तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून हाक आली, रेडकू अडलंय म्हणून. "कुलथे, बाटली लाव," ते म्हणाले. "म्हाळसा आहेच इथे." आणि ते पळाले.

आम्हा दोघींच्या कपाळावर पट्ट्या होत्या. दुग्धज्वराचा धडा होता पुढच्या सोमवारी. ओवी कोरी होती.

कॅल्शियमची बाटली आधी कोमट करायची असते आणि थेंब-थेंब द्यायची असते, चांगला पाव तास, जास्तच. भरकन गेलं तर तेच कॅल्शियम काळजाला आवळून धरतं. म्हणून एक हात कायम नाडीवर हवा, ठोका चुकला की बाटली खाली. आणि बाटली गाईच्या पाठीच्या वर न्यायची नाही, कारण जितकी उंच तितकी वेगात रिकामी होते. हे मला पाठ होतं. ओवीला माहीत नव्हतं. सगुणाबाई पदराचा बोळा तोंडात घालून रडत होती, म्हणून या पोरीनं लवकर बरं वाटावं या मायेनं बाटली हात ताणून डोक्याच्या वर धरली.

बाटलीत बुडबुडे भराभरा वर जायला लागले. मी बघत होते.

माझं तोंड उघडलं होतं. खरं सांगते, 'ओवी, खाली घे' हे शब्द जिभेवर होते. पण डोक्यात नाफडे बोलत होते: दुसरा गुन्हा, चार महिने, नाव कमी. आणि ओवी हात धरून म्हणत होती, सांगू नकोस. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. जमादार सर येतील. चार, पाच. दहापर्यंत मी मोजलं असेल.

मैनानं मान एकदम ताठ केली, अंगावरून एक शहारा गेला आणि तिनं डोकं जमिनीवर टाकलं. मी उडी मारून बाटली खेचली, छातीवर बुक्क्या मारल्या, जमादार सर धावत आले, सगळं केलं. गाय गेली होती. तिचं कालचं वासरू दावणीला उभं राहून हंबरत होतं.

ओवीला काय झालं तेच कळेना. "मी काय केलं? ताई, मी काय केलं?" जमादार सरांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ते ऐकताना मी खाली बघत होते.

सगुणाबाईनं माझ्याकडे बघितलं. म्हातारी शाळेत गेलेली नव्हती, पण तिला माणसं वाचता येत होती. "तुला म्हाईत हुतं का गं?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग बोलली का न्हाईस?"

तोंडानं शेर आणि ऐन वेळी भेकर, ती मी. परतताना गाडीत जमादार सर एवढंच म्हणाले, "पट्टी काढून फेकायची, म्हाळसा, आणि बोलायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजात शिरलो. दारातल्या मोठ्या पडद्यावर ओवीचा फोटो होता. खाली लिहिलेलं: 'या आठवड्यातील सर्वोच्च बोधक्षण. ओवी कुलथे. ९७.' विद्यापीठाच्या इतिहासात कुणाला सत्त्याण्णव मिळाले नव्हते. पोरी येऊन तिची पाठ थोपटत होत्या. "काय गं, पार्टी कधी?"

गाय कोसळली आणि तिचा अंदाज चुकला, त्या क्षणाचे ते गुण होते.

ओवी तशीच मागे फिरली. ती स्वच्छतागृहात अर्धा तास कडी लावून बसली होती आणि मी बाहेर दाराला पाठ लावून उभी होते. मला त्या यंत्राचा राग येत होता, त्याहून नाफड्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. शेवटी आतून आवाज आला, "ताई, आता मी गाय कधीच मारणार नाही. म्हणजे मी शिकले हे खरंच आहे. पण हे तू मला चहा पिताना सांगितलं असतंस, तर मी तेवढंच शिकले असते ना?"

"तेवढंच," मी म्हटलं.

"आणि मला शून्य मिळाले असते."

"शून्य. आणि गाय उभी असती."

दुपारी नाफडे सरांनी मला बोलावलं. मला वाटलं आता खरडपट्टी. उलट खुर्ची दिली, चहा मागवला. "पुकळेबाई, कालच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या. तुम्ही या वेळी संयम पाळलात. सूचना दिली नाहीत. त्याची समितीनं चांगली दखल घेतली आहे. गाईचं वाईट झालं, पण ती तशीही गंभीर होती."

मी कपाकडे बघत राहिले. गाय मेली, त्यात मी गप्प राहिले, आणि हा माणूस मला त्याची शाबासकी देत होता! उत्तर द्यायला गेले असते तर कप त्याच्या अंगावर गेला असता, म्हणून गप्प बसले.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. हमीपत्र. 'मी यापुढे कोणत्याही विद्यार्थ्यास पाठाआधी कोणतीही माहिती देणार नाही.' खाली सहीची जागा. "एवढी सही करा. बोधांकाची अट समिती तुमच्यापुरती शिथिल करेल, वयाचा विचार करून. चार महिन्यांनी पदवी घ्या आणि तुमच्या वस्तीवर जा. सोमवारी माझ्या तासाला येताना कागद आणा."

खोटं का बोलू? कागद मी घेतला. रात्रीपर्यंत तो पुस्तकात ठेवून फिरले. एक सही, आणि दवाखाना. तिकडे गेल्यावर कोण विचारणार होतं मी इथे गप्प होते की बोलत होते? एकदा पेनाचं टोपणसुद्धा काढलं. पण दरवेळी सगुणाबाई समोर यायची. पदवी घेऊन मी जाणार होते ते अशाच बायांच्या दारात, आणि जाणार होते मुक्या बिऱ्हाडाची होऊन.

गुरुवारी सकाळी मी पेन खिशात परत ठेवलं आणि ओवीला उठवलं. "चल, गोठ्यात जाऊ. सोमवारचा धडा आजच शिकवते."

ती अंथरुणातच उठून बसली. "तुझं नाव कमी होईल, ताई."

"होऊ दे. तू येतेस का ते बोल."

ती पायात चपला सरकवून माझ्याही पुढे निघाली.

कॉलेजच्या गोठ्यात सहाला धारा निघतात. मी तिला म्हातारी खिलार गाय समोर घेऊन दाखवलं. नाडी कुठे लागते, ठोका कसा मोजायचा, बाटली कुठल्या उंचीपर्यंत. साध्या पाण्याची बाटली भरून बादलीत सोडली आणि बुडबुडे किती वेगानं जायला हवेत ते डोळ्यांनी बघायला लावलं. ओवीनं ते वीस वेळा केलं. एकविसाव्या वेळी बुडबुडे हवे तेवढ्याच वेगानं गेले.

शुक्रवारी ती तीन पोरी घेऊन आली. त्या रात्रीपर्यंत तिनं खोल्या-खोल्यांतून फिरून एकच वाक्य सांगितलं होतं: "माझे सत्त्याण्णव बघितलेत ना? ते कशाचे आहेत ते ऐका." शनिवारी गोठ्यात एकोणीस जण होते. काही जण घाबरून परतही गेले, एकानं तर मला हात जोडून सांगितलं की ताई, माझं घर माझ्यावर आहे. त्याला मी म्हटलं, जा बाबा, तुझ्यावर राग नाही. रविवारी तोच आला, सगळ्यांच्या आधी, आणि बादल्या भरून ठेवल्या. जमादार सर गव्हाणीपाशी पेपर वाचत उभे होते. "मला काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही," ते पेपरातूनच म्हणाले. "फक्त ती मागची पोरगी नाडी चुकीच्या जागी बघतेय."

रविवारी संध्याकाळपर्यंत वर्गातल्या अठ्ठावन्नही जणांना बाटली किती उंच धरायची ते माहीत झालं होतं. मी सगळ्यांना नाही शिकवलं. मी एकोणीस जणांना शिकवलं, पुढचं त्यांनी एकमेकांना.

सोमवारी नाफडे सर उत्साहात होते. कपाळावर पट्टी, हातात रिमोट. भिंतीवरच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे आमच्या सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक, आणि सगळ्यात वर त्यांची स्वतःची. त्यांनी सुरुवातच ओवीच्या त्या क्षणानं केली. चित्र नव्हतं, नुसती रेघ होती, वर चढलेली. "या टोकाकडे पाहा. याला म्हणतात शिकणं. आज आपण दुग्धज्वर शिकणार आहोत."

दहा मिनिटं झाली. पडद्यावर अठ्ठावन्न रेघा सपाट. सरांनी रिमोट दाबून बघितला. वायर हलवली. आणखी पाच मिनिटं शिकवलं. एकही रेघ हलेना.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, बाटलीचं तापमान किती? त्यानं सांगितलं. दुसरीला विचारलं, किती वेळात द्यायची? तिनं सांगितलं. मग ते वर्गातून फिरत मधल्या-मागच्या कुणालाही उठवायला लागले, आणि जो उठेल तो सांगायचा, हात नाडीवर ठेवायचा, ठोका चुकला की थांबायचं, पाठीच्या वर बाटली न्यायची नाही. सरांचा चेहरा उतरत गेला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी उठले. हमीपत्राची घडी उलगडून ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. सहीची जागा कोरी होती.

"मी सांगितलं. दुसरा गुन्हा लिहून घ्या."

"पुकळेबाई..."

"सर, माझाही पहिला लिहा," ओवी उठली. "मी तिघींना सांगितलं."

"मी दोघांना," बादल्या भरणारा पोरगा म्हणाला. मग कोण किती म्हणालं ते मला नीट आठवत नाही, कारण बाकं वाजत होती आणि एकाच वेळी खूप जण बोलत होते.

"तुम्हाला कळतंय का, याचं पुढे काय होईल?" सर ओरडले. तीन वर्षांत मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं.

"हो सर," ओवी शांतपणे म्हणाली. "पूर्ण अंदाज आहे. म्हणूनच तर रेघा सपाट आहेत."

कुणी हसलं नाही. सर माझ्याकडे वळले. "तुम्ही तर समजूतदार होतात. मंगळवारी तुम्ही संयम पाळलात, मी स्वतः..."

"मंगळवारी मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभी होते, सर," मी म्हटलं. आवाज चढला, चढू दिला. "बाटली उंच धरलेली मला दिसत होती. तीन शब्द बोलले असते तर गाय वाचली असती. ती गंभीर नव्हती. मी बघत राहिले, दहा आकडे मोजले, आणि तिला मरू दिलं. तुमचा नियम पाळला म्हणून ती मेली, आणि त्याचे तुम्ही या पोरीला सत्त्याण्णव दिलेत आणि मला चहा पाजलात!"

सरांचा हात टेबलाच्या कडेवर होता.

"सर," मागची पोरगी हळूच म्हणाली, "तुमची रेघ बघा."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. तीन वर्षं सरळ गेलेली सगळ्यात वरची रेघ उभी राहिली होती, ओवीच्या त्या टोकाच्याही वर. खाली अठ्ठावन्न रेघा सपाट होत्या. त्या तासाला वर्गात एकच माणूस काही शिकला होता, आणि हे मी म्हणत नव्हते, त्यांचंच यंत्र म्हणत होतं.

सरांनी पट्टी काढली, हमीपत्रावर ठेवली आणि तास अर्धा टाकून निघून गेले.

अठ्ठावन्न जणांची नावं एकदम कमी करता येत नाहीत, तसं केलं तर वर्गच राहत नाही. म्हणून परिनियम चौदा 'फेरविचारासाठी' ठेवलाय आणि अजून तिथेच धूळ खात पडलाय. माझ्या नावापुढे अजून 'निरीक्षणाखाली' लिहिलेलं आहे. असू दे, निरीक्षण करणारे करतील.

त्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी मी काटकरवस्तीवर गेले. ओवीही आली, म्हणाली मला तोंड दाखवायचंय. सगुणाबाई मैनाच्या वासराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि बस म्हणाली नाही. बरोबरच होतं.

गोठ्यात तिची दुसरी गाय उभी होती, पोट खाली आलेली, महिन्याभरात व्यायची. मी पट्टी आणलीच नव्हती. मी दारातच उभी राहिले.

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी बोलले न्हाई. आज आधीच सांगायला आलेय. ऐकताय का?"

म्हातारीनं वासराच्या तोंडातली बाटली काढून ओवीच्या हातात दिली. "तू पाज त्याला," ती म्हणाली, मग माझ्याकडे वळून गव्हाणीच्या कडेवर बसली. "हां, सांग."